तापाच्या दिवसाची हजेरी: नागपूरच्या बांधकाम व्यावसायिकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहरातले आणि शहराच्या काठावरचे बांधकाम व्यावसायिक, साइट इंजिनिअर, ठेकेदार आणि मुकादम यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या धंद्यातला नव्हे. सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. नोकरीची पहिली वर्षं गडचिरोली जिल्ह्यात धानोरा-कोरचीच्या बाजूला गेली, नंतरची नागपुरात. काम एकच: मलेरियाच्या स्लाइडी बघणं. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे काचेचे शंभर तुकडे, बघून झाल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. सुरुवातीला माझ्याकडे आरशाचा सूक्ष्मदर्शक होता. वीज गेली की तो खिडकीत नेऊन उन्हावर काम चालायचं, आणि पावसाळ्यात ऊनही नसायचं.

आज लिहायला बसलो त्याचं कारण तुमच्यापैकीच एकाची साइट आहे. मानेवाडा-बेसा रोडवर माझ्या घरामागे सात मजली इमारत उभी राहते आहे. कोणाची, ते लिहीत नाही. वाचणाऱ्याला कळेल.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. त्या साइटवर एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा काम करायचा, कोरचीकडचा. धानाच्या रोवणीला गावी गेला होता, रोवणी आटोपून आठवड्यापूर्वी परत आला होता. संध्याकाळी मी गच्चीवर फिरतो तेव्हा तो खाली टिनाच्या खोलीबाहेर बसलेला दिसायचा. एका संध्याकाळी, चांगला उकाडा असताना, त्याने सिमेंटचं रिकामं पोतं अंगावर घेतलेलं दिसलं. मला ते पोतं पुरेसं होतं. खाली उतरलो आणि विचारलं. म्हणाला, "काही नाही काका, कणकण आहे." किती दिवसांपासून? हसला फक्त. मी म्हटलं, मुकादमाला सांग, रक्त तपासून ये. तो म्हणाला, "बिमार हाय म्हनलं तं हजेरी कापते. घरी पैसे धाडाचे हायेत."

त्याच्या मागे लागायला हवं होतं. मी घरी येऊन जेवलो आणि झोपलो. ती चूक माझी.

तीन दिवसांनी तो मिक्सरजवळ पडला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "उन्हाचं झालं असेल," आणि गावाकडच्या गाडीत बसवून द्यायची भाषा करू लागला. ऑगस्टमध्ये उन्हाचं! शेवटी मीच ऑटो केला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी बोटातून थेंब घेऊन पट्टीवर टाकला. पंधरा-वीस मिनिटांत दुसरी रेघ उमटली. आमच्या भाषेत 'पीएफ निघाला'. तुमच्या ऑफिसात पीएफ म्हणजे भविष्यनिर्वाह निधी; आमच्यात पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, मलेरियाच्या जंतूंमधला सगळ्यात घातकी, मेंदूपर्यंत जाणारा. वेळ गेली तर माणूस दोन-तीन दिवसांत जातो.

पोरगा वाचला. दोन दिवस भरती होता. पण हे पत्र त्याच्या वाचण्याबद्दल नाही. मला दोन गोष्टी बघायला मिळाल्या, त्या तुम्हाला दाखवायच्या आहेत.

पहिली स्लाइड. जुनी सवय म्हणून मी तिथल्या तंत्रज्ञ मुलीला म्हटलं, मला एकदा बघू दे. तिने जागा दिली. लाल पेशींत जंतूच्या बारीक अंगठ्या होत्या, त्या असणारच. पण अंगठ्यांच्या जोडीला फील्डमागून फील्डमध्ये चंद्रकोरी होत्या. सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळत्या, पोटात गडद ठिपके. फाल्सिपेरमची ही चंद्रकोर एकदा पाहिलेला माणूस जन्मात विसरत नाही. तिचा त्या पोराच्या तापाशी संबंध नसतो. ती डासासाठी असते. डास चावतो तेव्हा या चंद्रकोरी त्याच्या पोटात जातात आणि तिथे जंतूची पुढची पिढी सुरू होते. चंद्रकोर अंगात नसेल, तर डासाने त्या माणसाला कितीही चावावं, तो डास कोणाला मलेरिया देऊ शकत नाही.

आणि ही चंद्रकोर पहिल्या दिवशी रक्तात नसते. फाल्सिपेरमचा ताप सुरू झाल्यावर ती दिसायला साधारण दहा दिवस जातात. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्या पोराचं रक्त तपासून औषध सुरू झालं असतं, तर तो बरा झाला असताच, शिवाय तुमच्या साइटवरच्या एकाही डासाला त्याच्याकडून काही मिळालं नसतं.

दुसरी गोष्ट मुकादमाची वही. पोराचे पैसे किती निघतात ते बघायला म्हणून मी ती मागितली. मुकादम माणूस वाईट नाही, त्याने दिली. त्या पोराच्या नावापुढे ओळीने असं होतं: पूर्ण, पूर्ण, अर्धी, पूर्ण, खाडा, पूर्ण, अर्धी, अर्धी, पूर्ण, खाडा, अर्धी. मी नोकरीत तापाचे तक्ते पुष्कळ पाहिले. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जंतूचा ताप एका दिवसाआड घड्याळ लावल्यासारखा येतो, जुनी माणसं त्याला पाळीचा ताप म्हणत. फाल्सिपेरमचा असा शिस्तीत येत नाही, कधीही चढतो. ती ओळ म्हणजे फाल्सिपेरमचा तक्ताच होता, फक्त अंशांच्या जागी रुपये लिहिलेले. अकरा दिवस तो ताप तुमच्या वहीत लिहिला जात होता, रोज संध्याकाळी, तुमच्याच माणसाच्या हातून. आणि वाचला कोणी नाही.

त्याने ताप का लपवला? अडाणी होता म्हणून लपवला असं मला कोणी सांगू नये. कोरचीच्या पोराला थंडी वाजून येणारा ताप काय असतो ते तुमच्या-माझ्या पोरांपेक्षा जास्त कळतं. गावात आशाताई घरी येऊन त्याच्या बोटाला सुई टोचते, पट्टीवर बघते आणि गोळ्या देते. ते सगळं फुकट आणि अंगणात. नागपुरात येऊन तो मागास झाला तो या वहीमुळे. इथे तपासायला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, अर्धी हजेरी जाते, आणि 'बिमार आहे' हे मुकादमाला कळलं की उद्या ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून, दुसरा माणूस येतो.

म्हणून माझं मागणं एका ओळीचं आहे. ज्या दिवशी मजूर ताप आहे म्हणून रक्त तपासायला जाईल, त्या दिवसाची पूर्ण हजेरी द्या. मलेरिया निघाला तर पुढच्या तीन दिवसांचीही द्या.

हे वाचून कोणी म्हणेल, मग रोजच सगळ्यांना ताप येईल. येणार नाही. तपासणीची चिठ्ठी मागा, चिठ्ठीवर तारीख असते. आणि चार-दोन जणांनी खोटा ताप सांगून अर्धा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून बोट टोचून घेतलं, तर मी म्हणेन तेही बरंच झालं, कारण ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातही जंतू सापडतात. जंगलपट्टीत लहानपणापासून मलेरिया झेललेल्या माणसाच्या अंगात थोडी सवय तयार झालेली असते. तो जंतू घेऊन हिंडतो आणि त्याला ताप येत नाही.

हिशेब सांगतो. साध्या मजुराचा रोज पाचशे-सहाशे रुपये धरा. चार दिवसांचे दोन-अडीच हजार होतात, म्हणजे सिमेंटची सहा-सात पोती. एका पावसाळ्यात तुमच्या साइटवर असे किती निघतील? चार निघाले तर पंचवीस-तीस पोती. तेवढं सिमेंट तर पावसात भिजून दगड होतं, आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

आता डासाकडे येतो, कारण तुम्ही म्हणाल की रोग गडचिरोलीहून आला, आमचा काय दोष. आधी हे मनातून काढा. जंतू प्रवास करून आला हे खरं. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगढ इकडून माणसं येतात, आपली घरं बांधतात, रोवणी-कापणीला घरी जातात, परत येतात. पण डास गडचिरोलीचा नसतो. तिकडे मलेरिया पसरवणारा मुख्य डास नाल्याकाठी, धानाच्या बांधीत, झऱ्याच्या कडेला वाढतो. शहरात वाढतो तो ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. त्याला गटार चालत नाही, नितळ साठलेलं पाणी लागतं: विहीर, उघडी टाकी, हौद, कूलर. आणि बांधकाम. हा डास अस्सल नागपूरकर आहे, त्याचा जन्मदाखला तुमच्या पत्त्यावर निघेल.

तो पोरगा भरती असताना मी त्या साइटवर गेलो. चौकीदाराने टॉर्च दिला. घरून मी पांढऱ्या एनॅमलचा वाडगा आणि लांब दांड्याची पळी नेली होती. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं, वर सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे तरंगत होते. पळी कडेने तिरकी धरून पाणी घेतलं आणि वाडग्यात ओतलं. अळ्या होत्या. गटारातल्या डासाची अळी आणि डेंग्यूवाल्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून चिकटून खाली डोकं करून लोंबते. ॲनॉफिलिसची अळी पाण्यावर आडवी पडते, काडी तरंगावी तशी. वाडग्यात दोन्ही तऱ्हेच्या होत्या. चौकीदाराला दाखवल्या. तो बराच वेळ वाडग्यात बघत राहिला, मग म्हणाला, "हे तं आम्ही रोज पाहतो. माशाचे पिल्लं समजत होतो."

त्याचं हसू येऊ देऊ नका. तुमच्या किती इंजिनिअरांना दोन अळ्यांमधला फरक सांगता येईल?

क्युरिंगबद्दल, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, मला तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. स्लॅब पडला की तुम्ही त्यावर सिमेंटची आळी, म्हणजे छोटे बांध, करता आणि पाणी भरून ठेवता. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला निदान दहा दिवस ओल ठेवा, असं तुमचंच भारतीय मानक सांगतं. आता डासाचं मानक बघा. अंडं, अळी, कोष आणि उडणारा डास हा सगळा प्रवास आपल्याकडच्या पावसाळी हवेत आठ-दहा दिवसांत उरकतो. म्हणजे स्लॅबला जेवढं पाणी हवं तेवढंच डासाला हवं. ढग असतील, सावली असेल आणि आळ्यात पाणी न हलता राहिलं, तर स्लॅब पक्का होतो त्याच दिवशी डास उडतो.

यावर तोडगा फुकटातला आहे. सहाव्या दिवशी सकाळी आळी फोडा, पाणी पूर्ण जाऊ द्या, खराट्याने झाडून काढा आणि तासाभरात पुन्हा भरा. तासाभरात काँक्रीट वाळत नाही, अळी मात्र वाहून जाते. नाहीतर आळ्यांऐवजी ओली गोणपाटं टाका. उभ्या कॉलमला तुम्ही तीच गुंडाळता ना?

लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी आठवड्याला उपसायचं, आणि उपसणं जमत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडायचे. मनपाच्या मलेरिया-फायलेरिया विभागाला विचारा. गप्पी खड्ड्यात मजेत राहतात, पोरंही वाढवतात, मजुरांच्या मुलांना बघायला गंमत. प्लॅस्टरसाठी भरलेले ड्रम रिकामे करून पालथे घाला. जमिनीखालची टाकी बांधून झाली की तिला झाकण बसवायला गृहप्रवेशाची वाट बघू नका. वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी लावा. डास झाकणावरून येत नाही म्हणून आपण खूश असतो, तो त्या पाइपातून आत जातो. आणि आठवड्यातला एक वार ठरवा. खर्ची, म्हणजे आठवड्याची उचल, वाटता तो वार सगळ्यात बरा, कारण त्या दिवशी सगळे हजर असतात.

धूर मारणाऱ्या मशीनवर माझा फार विश्वास नाही. साथ भडकली असेल तर उडणाऱ्या डासांसाठी तिचा उपयोग होतो. पण धुराने अळी मरत नाही, आणि उद्या सकाळी खड्ड्यातून नवे डास निघतात. तरी फोटो मशीनचाच निघतो, कारण पळी-वाडग्याचा फोटो चांगला येत नाही.

आता तुम्ही मला उलट विचाराल, आणि विचारावं, की तुमच्या घरचा कूलर काय? कबूल. मार्चपासून आम्ही नागपूरकर कूलर लावून बसतो. मृगाचा पाऊस पडला की पंखा बंद होतो, पण टाकीतलं पाणी तसंच राहतं, कधीकधी पार पोळ्यापर्यंत. त्या पाण्यात डेंग्यूचा डास तर वाढतोच, स्टीफेन्सीलाही ते वर्ज्य नाही. आमच्या गल्लीतल्या कूलरांसाठी मी वेगळी डोकेफोड करतो आहे आणि त्यापायी दोन शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं आहे. फरक एवढाच की घरच्या कूलरभोवती चार माणसं झोपतात. तुमच्या साइटवर पन्नास झोपतात, उघड्यावर, रात्रभर, आणि मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो.

हे मी नवीन सांगत नाही. कालवा, धरण, बंदर, रेल्वे, जिथे कामासाठी दुरून माणसं गोळा केली आणि झोपडीत ठेवली तिथे मलेरिया भडकतो, हे आपल्या देशात काम करणाऱ्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. मुंबईच्या मलेरियावर बेंटली नावाच्या डॉक्टरचा अहवाल 1911 सालचा आहे. तेव्हा मुंबईतल्या विहिरी आणि टाक्या झाकायच्या म्हटल्यावर केवढा गदारोळ झाला! आणि 2010 साली त्याच मुंबईत मलेरियाची मोठी साथ आली तेव्हा बोट पुन्हा बांधकामांकडेच गेलं. नागपूरला मेट्रो आली, मिहान आलं, वर्धा रोडला, बेसा-बेलतरोडीला, हुडकेश्वरला मजल्यावर मजले चढताहेत. आपल्याला अजून तशी साथ आलेली नाही म्हणून हे पत्र आज लिहितो आहे.

रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच्यासमोर एक रोगी पडून होता, हुसेन खान. डासांना त्याच्याच अंगावर सोडलं होतं. रॉसने त्याला चावणाऱ्या दर डासामागे एक आणा दिला. पुढे रॉसला 1902 साली नोबेल मिळालं, हुसेन खानला मिळाले ते आणेच. मला ही गोष्ट आठवली की तुमची साइट आठवते. तुमच्याकडे त्या पोराला रात्रभर डास चावतात, त्याचा आणा तर कोणी देत नाहीच, वर सकाळी खाडा लागतो.

कायद्याचं थोडं बोलतो. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा 1996 साली झाला; नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. साइटवर राहणाऱ्या मजुरांना तात्पुरती राहण्याची सोय मालकाने फुकट द्यायची, पिण्याचं पाणी आणि संडासही द्यायचे, हे 1996 च्या कायद्यात होतं. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर तुम्ही भरताच. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या मजुराची कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते, पण त्यासाठी त्याला नव्वद दिवसांचा दाखला लागतो आणि तो दाखला बहुतेकदा तुमच्या सहीचा असतो. मजूर मागायला येतो तेव्हा 'साहेब साइटवर नाहीत' हे उत्तर मी स्वतः ऐकलं आहे. दुसऱ्या साइटवर ऐकलं, मघाच्या नव्हे.

मच्छरदाणीचं सांगतो, कारण 'आम्ही वाटल्या होत्या, लोकांनी विकल्या' असं तुमच्यातले काही सांगतात. काहींनी विकल्या असतील. पण टिनाच्या खोलीत ऑगस्टची रात्र काढून बघा. आत जीव गुदमरतो म्हणून माणसं चटई घेऊन स्लॅबवर येतात. स्लॅबवर मच्छरदाणीची दोरी बांधणार कुठे? चार बांबू, चार रिकामे डबे, डब्यांत काँक्रीट भरून बांबू उभे केले की झाली चौकट. तुमच्याकडे हे सगळं भंगारात पडलेलं असतं. कीटकनाशक भरलेली मच्छरदाणी असेल तर उत्तम, ती काही वर्षं टिकते आणि तिच्यावर बसलेला डास मरतो. फक्त ती उन्हात वाळवू नका आणि धोब्यासारखी आपटू नका.

औषधाचं मात्र नीट ऐका, कारण इथे तुमचा मुकादम एखाद्या नर्सइतका उपयोगी पडू शकतो.

फाल्सिपेरमचं मिश्र औषध तीन दिवसांचं असतं आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन एकदाच, ती चंद्रकोर मारायला. नुसती क्लोरोक्विनची जुनी गोळी इथे चालत नाही. व्हायवॅक्स, म्हणजे आमच्या भाषेत पीव्ही, दिसायला सौम्य पण चिवट. क्लोरोक्विन तीन दिवसांत ताप उतरवते, तरी या जंतूचा एक भाग यकृतात झोपलेला राहतो. महिन्याने, सहा महिन्यांनी उठतो आणि पुन्हा ताप येतो, नवा डास न चावता. त्याला मारायला प्रायमाक्विन रोज, चौदा दिवस घ्यावी लागते. ताप तिसऱ्या दिवशीच गेलेला असतो, मग चौदा दिवस कोण घेतो? मीही घेतली नाही. धानोऱ्याला असताना मला पीव्ही झाला. पाचव्या दिवशी बरं वाटलं, गोळ्यांनी पोटात मळमळायचं, पुडी टेबलाच्या खणात टाकली. दुसऱ्यांच्या स्लाइडी बघून त्यांना 'डोस पूर्ण करा' सांगणारा मी! चार महिन्यांनी दिवाळीत घरी आलो आणि फराळाच्या ताटावर हुडहुडी भरली.

तुमचा मजूर तर चौदा दिवसांत साइटच बदलतो. म्हणून पुडी त्याच्याकडे असू द्या, पण हजेरी घेताना मुकादमाने रोज एक गोळी समोर गिळवावी आणि वहीत खूण करावी. वही आहेच. दुसऱ्या साइटवर जाणार असेल तर तिथल्या मुकादमाला फोन करावा. उपाशीपोटी देऊ नये. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन चालत नाही. आपल्याकडे काही जणांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात. लघवी चहासारखी काळपट झाली की गोळी लगेच बंद आणि दवाखाना, हे मुकादमाला तोंडपाठ हवं. सिकलसेल विदर्भात पुष्कळ आहे, ते तर तुम्ही ऐकलेलंच असेल. त्या आजाराचा रोगी असेल तर त्याला मलेरिया फार जड जातो, त्याच्या बाबतीत एक दिवसही थांबू नका. तुमच्या साइटवरच्या रेजा, म्हणजे बाया मजूर, गरोदरपणातही घमेली उचलतात. त्यांना ताप आला तर सरळ मेडिकल, मेयो नाहीतर डागा यांपैकी एखादा सरकारी दवाखाना गाठा, तुमच्याच गाडीने.

एक भीती मला आहे आणि ती बोलून दाखवतो. हे पत्र वाचून कोणी अतिउत्साही ठेकेदार ठरवेल की जंगलपट्टीचा मजूर घ्यायचाच नाही, किंवा आल्या आल्या रक्त तपासायचं आणि पॉझिटिव्ह निघाला की परत पाठवायचं. कृपा करून असं करू नका. आल्या आल्या तपासणी जरूर करा, रोवणीहून परतल्यावर, दिवाळीहून परतल्यावर, जवळच्या आरोग्य केंद्राला सांगून साइटवरच करा. पण निघाला तर औषध आणि पगारी आराम. एकाला जरी हाकललंत, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या ठिय्यांवर बातमी जाईल आणि पुढच्या वेळी बोट पुढे करायला कोणी येणार नाही. मग पोतं पांघरून बसलेला दुसरा पोरगा मलाही गच्चीवरून दिसणार नाही.

2027 पर्यंत देशात स्थानिक मलेरियाचा एकही रुग्ण नको, असं सरकारी धोरण म्हणतं. 1953 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. साठच्या दशकात ते लाखावर आले. सगळे हुश्श करून बसले आणि 1976 मध्ये पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. तेव्हाचे आमचे सीनियर सांगायचे की स्लाइडींचे गठ्ठे ठेवायला जागा उरली नव्हती. मला ते दिवस पुन्हा बघायचे नाहीत, आणि माझे डोळेही आता शंभर फील्ड बघू देत नाहीत.

त्या पोराबद्दल राहिलं. तो बरा होऊन गावी गेला आणि कापणीनंतर परत आला, आता कोराडी रोडकडच्या एका साइटवर आहे. अकरा दिवसांतले त्याचे दोन खाडे आणि चार अर्ध्या, शिवाय भरती असतानाचे दोन दिवस, म्हणजे एकूण सहा दिवसांची मजुरी अजून बाकी आहे. वहीचं ते पान मी फोनमध्ये टिपून ठेवलं आहे. ज्यांची साइट आहे त्यांनी मुकादमाकरवी पोचवली तरी चालेल, पोराचा नंबर मुकादमाकडे आहे.

बाकी कोणाला आपल्या साइटवर पाणी तपासून घ्यायचं असेल, मुकादमांना अळ्या ओळखायला शिकवायचं असेल, तर मला रविवारी सकाळी वेळ असतो. पैसे नकोत. वाडगा आणि पळी मी आणीन, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला शिडी तेवढी तुमची लागेल, गुडघे दुखतात.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
मानेवाडा-बेसा रोड, नागपूर